कॅनन आर१० की निकॉन झेड५० टू? मल्लेश्वरमच्या उजेडात दोन मिररलेस कॅमेऱ्यांची तुलना

बेंगळुरू : मल्लेश्वरम या वस्तीला ज्या काडु मल्लेश्वर मंदिरावरून नाव मिळाले, त्याचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानाला दान दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आढळते. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. ते रान आता रस्त्यांच्या नावांतच तेवढे उरले आहे : संपिगे रस्ता सोनचाफ्याचा आणि मार्गोसा रस्ता कडुनिंबाचा. मंदिरातला अंधूक प्रकाश, आठव्या क्रॉसवरच्या फुलबाजारातले प्रखर ऊन आणि सावली, १८८२ मध्ये बांधलेल्या सँकी तलावावरचे पक्षी आणि व्हायोलिनच्या आकाराच्या चौडय्या स्मारक सभागृहातल्या मैफली, हे सारे येथून जवळजवळ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कोणताही कॅमेरा पारखायला याहून चांगली जागा शोधून मिळणार नाही.

घरातल्या लग्नमुंजीच्या निमित्ताने पहिला मिररलेस कॅमेरा घेणाऱ्यासमोर सध्या दोन नावे हमखास येतात. मे २०२२ मध्ये जाहीर झालेला कॅननचा ईओएस आर१० आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला निकॉनचा झेड५० टू. सोबतच्या एका लेन्ससह दोन्हींची किंमत लाखाच्या आतबाहेर जाते. सर्वसाधारण कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. त्यातच या खरेदीने पुढच्या दहा वर्षांच्या लेन्सही ठरून जातात, कारण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहजासहजी बसत नाही.

दुकानात पहिली तुलना होते ती मेगापिक्सेलची, आणि तीच सर्वांत कमी उपयोगाची. आर१० चा संवेदक २४.२ मेगापिक्सेलचा, झेड५० टूचा २०.९ मेगापिक्सेलचा. आकडे ऐकून फरक मोठा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्याचे छायाचित्र रुंदीला ६००० बिंदूंचे असते आणि दुसऱ्याचे ५५६८ बिंदूंचे, म्हणजे रुंदीतला फरक आठ टक्क्यांच्या आत. इंचाला तीनशे बिंदू या उत्तम दर्जाने छापले तर एकाचे चित्र वीस इंच रुंद निघेल, दुसऱ्याचे साडेअठरा इंच. दिवाणखान्याच्या भिंतीवर हा दीड इंच कोणाच्या लक्षात येणार नाही. संवेदकाच्या आकारात निकॉन किंचित पुढे आहे. त्याचे क्षेत्रफळ कॅननपेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी जास्त भरते. हाही फरक मामुलीच.

मग खरा फरक कुठे पडतो? मंदिरातल्या किंवा कार्यालयातल्या अपुऱ्या प्रकाशात त्याचे उत्तर मिळते. दोन्ही कॅमेऱ्यांबरोबर येणारी लहान झूम लेन्स, कॅननची १८-४५ आणि निकॉनची १६-५० मिलिमीटर, लांबच्या टोकाला एफ ६.३ इतकीच उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे, आणि प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे एफ १.४ ची लेन्स एफ ६.३ च्या तुलनेत सुमारे वीसपट प्रकाश आत घेते. सेकंदाच्या साठाव्या भागात टिपायच्या ज्या प्रसंगासाठी सोबतच्या लेन्सला १२८०० आयएसओ लागेल, तिथे एफ १.४ ला ६४० पुरेल. पहिल्या चित्रात नवरीच्या शालूवर दाणेदार रवाळपणा उतरेल, दुसऱ्यात जरीचे काम दिसेल. एकीकडे संवेदकातला अकरा टक्क्यांचा फरक, दुसरीकडे लेन्समधला वीसपट. विक्रेता मात्र बहुधा पहिल्याबद्दलच बोलत राहतो.

अशा उजळ लेन्स आता दोन्हीकडे आहेत. सिग्मा कंपनीच्या ३० आणि ५६ मिलिमीटरच्या एफ १.४ लेन्स निकॉनच्या झेड माउंटसाठी २०२३ मध्येच उपलब्ध झाल्या. कॅननने या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी बाहेरच्या उत्पादकांना वाट मोकळी केली ती २०२४ मध्ये. तोवर आर१० घेणाऱ्यांची या बाबतीत बरीच कुचंबणा झाली होती, आणि आर१० वरची जुनी परीक्षणे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. झूमच हवी असेल तर कॅननसाठी सिग्माची १८-५० एफ २.८ आहे आणि निकॉनने स्वतःची १६-५० एफ २.८ २०२५ मध्ये आणली. एफ ६.३ च्या मानाने या पाचपट प्रकाश देतात. एक खुलासा आवश्यक आहे. दोन्ही कॅमेऱ्यांच्या अंगात हादरे शोषणारी यंत्रणा नाही. ती काही लेन्समध्ये असते आणि सिग्माच्या उपरोक्त लेन्समध्ये ती नाही. अर्थात अशी यंत्रणा हाताचा कंप रोखते. अक्षता टाकणाऱ्या हाताची हालचाल तिने थांबत नाही, तिथे वेगवान शटर आणि त्यासाठी पुरेसा प्रकाशच लागतो.

घरात जुना डीएसएलआर असेल तर तुलनेचे पारडे येथेच फिरू शकते. जुन्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे तिरका आरसा असे. त्याला उचलायला जागा हवी, म्हणून लेन्सची बैठक संवेदकापासून कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ आणि निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटरवर ठेवलेली होती. आरसा गेल्यावर हे अंतर अनुक्रमे २० आणि १६ मिलिमीटरवर आले. मधल्या मोकळ्या जागेत पोकळ नळीसारखा अडॅप्टर बसवला की जुनी लेन्स आपल्या मूळ अंतरावर पुन्हा नीट काम करते. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासूनच फोकसची मोटर लेन्सच्या आत आहे. त्यामुळे अडॅप्टर लावताच त्या आर१० वर आपोआप फोकस करतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्यातल्या अनेक जुन्या लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्याच्या अंगातली मोटर लागे आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये अशी मोटर नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेल्या लेन्स झेड५० टूवर व्यवस्थित चालतात. पण ५० मिलिमीटर एफ १.८ डी सारखी घरोघरी आढळणारी लेन्स हाताने फिरवून फोकस करावी लागते. वडिलांच्या कपाटातल्या लेन्सवर भिस्त ठेवून निकॉन घेणाऱ्याने आधी तिच्यावरची अक्षरे वाचावीत.

कॅननच्या बाजूने आणखी एक घरगुती मुद्दा आहे. आर१० ची एलपी-ई१७ बॅटरी ७५०डी, ८००डी, २००डी या भारतात मोठ्या संख्येने खपलेल्या कॅमेऱ्यांचीच आहे. जुनी बॅटरी, जुना चार्जर, जुनी लेन्स असे तिन्ही हाताशी असेल तर अडॅप्टरचा खर्च धरूनही कॅननकडे जाणे शहाणपणाचे ठरते.

सँकी तलावावर मात्र निवड अवघड होते. पाणकावळा पंख वाळवत बसला असेल तर कोणताही कॅमेरा चालतो. खंड्या सूर मारतो तेव्हा कस लागतो. झेड५० टूमध्ये निकॉनने आपल्या झेड९ या महागड्या कॅमेऱ्यातला एक्सपीड ७ प्रक्रियक वापरला आहे आणि पक्षी ओळखण्यासाठी स्वतंत्र पर्याय दिला आहे. आर१० पक्ष्यांना ‘प्राणी’ या गटातच ओळखतो, पण यांत्रिक शटरने सेकंदाला १५ चित्रे टिपतो. निकॉन ११ टिपतो. इथवर निकॉनला झुकते माप द्यावेसे वाटते, तोच लेन्सचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. कॅननची १००-४०० ही हलकी, ६३५ ग्रॅमची लेन्स आर१० वर १६०-६४० मिलिमीटरसारखे दृश्य देते. निकॉनची ५०-२५० ही स्वस्त आणि चांगली लेन्स ३७५ पर्यंतच पोहोचते. त्यापुढची २८-४०० किमतीने बरीच वर आहे आणि १८०-६०० सुमारे दोन किलो वजनाची. पक्ष्यांसाठीच कॅमेरा घेणाऱ्याला, कागदावर मागे दिसणारा कॅनन कमी खर्चात अधिक जवळ नेतो. कॅननची ती लेन्स लांबच्या टोकाला एफ ८ ची असल्याने भल्या पहाटे तिची दमछाक होते, हेही खरे.

चौडय्या सभागृहासारख्या ठिकाणी शटरचा आवाज शेजारच्या रसिकाला खटकतो. दोन्हींत इलेक्ट्रॉनिक शटर लावून पूर्ण शांततेत टिपता येते. परंतु हे संवेदक चित्र ओळीओळीने वाचतात. ५० हर्ट्झच्या विजेवरचे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असतील तर चित्रात आडवे काळपट पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवले की ते बहुतेक नाहीसे होतात. दुकानाच्या दिव्यांखाली चाचणी घेताना हे पट्टे दिसले म्हणून कॅमेऱ्याला सदोष ठरवू नये.

बाकीचे थोडक्यात. बॅटरी आणि कार्डासह आर१० चे वजन ४२९ ग्रॅम, झेड५० टूचे ५५०. दिवसभर गळ्यात बाळगताना १२१ ग्रॅम जाणवतात, पण मोठ्या हातांना निकॉनची पकड भरीव वाटेल. उन्हात निकॉनचे दृश्यदर्शक अधिक उजळ. फोकसचा बिंदू अंगठ्याने हलवण्याची छोटी दांडी कॅननवर आहे, निकॉनवर नाही. चित्रफितीत रंग नंतर दुरुस्त करायचे असतील तर निकॉनचे एन-लॉग उपयोगी पडते. कार्डाची खाच दोन्हींत एकच आहे. त्यामुळे पैसे घेऊन लग्ने टिपणाऱ्याने या दोन्हींपेक्षा वरचा, दोन कार्डांचा कॅमेरा पाहावा.

एकूण विचार करता, घरात काहीच जुने साहित्य नसेल आणि माणसे, समारंभ, मंदिरे टिपायची असतील तर झेड५० टू आणि त्यासोबत एक एफ १.४ लेन्स ही जोडी उजवी वाटते. कॅननचा जुना संच असणाऱ्याला किंवा पक्ष्यांमागे हिंडणाऱ्याला आर१० पुरेसा आहे. चार हजारांच्या सवलतीवरून माउंट बदलणे मात्र टाळावे.

खरेदीच्या वेळी पक्की पावती घ्यावी. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा वस्तू व सेवा कर २०१९ च्या आरंभी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ‘पावतीशिवाय कर वाचेल’ असे सांगणाऱ्याकडून घेतलेल्या कॅमेऱ्याची हमी संकटात सापडते. खोक्यावर आयातदाराचे नाव आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी. खोके, पावती आणि कॅमेऱ्याचा तळ यांवरचा अनुक्रमांक एकच असावा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट प्रदेशात राहणाऱ्यांनी हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा, कारण बुरशी लेन्सच्या काचेवर एकदा चढली की ती काढणे महाग पडते. आणि कार्य ठरलेले असेल तर कॅमेरा किमान पंधरा दिवस आधी घरी आणावा. संध्याकाळी दिवे लावल्यावर घरातल्याच माणसांवर आयएसओ आणि शटर यांची सवय करून घ्यायला तेवढे दिवस लागतात.