कपिलधारच्या वाटेवर

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना शहर संपता संपता खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. बांधकामाची जबाबदारी त्याने राजा भास्कर या स्थापत्यकाराकडे दिली होती. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या भुयारातून ते शेतांकडे जाते. मोट नको, पंप नको! जमिनीचा उतार ओळखून केलेले हे काम आहे. हे पाणी कोणाकोणाच्या शेताला मिळाले, ते तुम्हीच विचार करून पाहा.

आमच्या नववीच्या वर्गाची सहल निघाली, तेव्हा आम्ही आधी ही विहीर पाहिली आणि मग कपिलधारला गेलो. बीडपासून सुमारे २० किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. पावसाळ्यात येथील धबधबा पाहायला लोक लांबून येतात. पण कपिलधार प्रसिद्ध आहे ते संत मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. लिंगायत समाजाचे हे मोठे तीर्थक्षेत्र. कार्तिक पौर्णिमेला येथे यात्रा भरते. लातूर, नांदेड, परभणीकडून दिंड्या पायी येतात. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत लिहिला, अभंगही रचले. जवळपास त्याच काळात संत शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीतच लिहिला. त्यांचे गाव आपल्याच जिल्ह्यातील वाहिरा, असे मानले जाते. मराठी आपली नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

समाधीजवळ एका मुलाने हळूच विचारले, "सर, समाधी म्हणजे कबरच का?" दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसले. त्याला वाटले, असे विचारणे बरे नव्हे. मी म्हणालो, "विचारू दे. प्रश्न चांगला आहे."

लिंगायत समाजात मृतदेहाचे दहन करत नाहीत, दफन करतात. देह बसलेल्या स्थितीत ठेवतात. कपाळाला विभूती लावतात. जन्मभर गळ्यात धारण केलेले इष्टलिंग हातात देतात आणि वर बेलाची पाने वाहतात. आपल्याकडे मय्यताला कफन देऊन आडवे ठेवतात आणि चेहरा किब्ल्याकडे करतात. एवढे ऐकून मुले म्हणाली, "म्हणजे सगळे सारखेच!" तसेही नाही. समाधीची पूजा होते, आपण कबरीची पूजा करत नाही. फरक आहे तो आहे. तो लपवून 'सारखेच, सारखेच' म्हणत राहिलो, तर शेजारी आपल्याला कळलाच नाही असे होईल.

बाहेर एक आजीबाई सर्वांना प्रसाद देत होत्या. आमच्यातील एक मुलगा घुटमळला. घ्यावा की नाही, त्याला कळेना. आजी म्हणाल्या, "चालत नसेल तर राहू दे रे बाळा, पाणी तरी पिऊन जा." तो दोन तांबे पाणी प्यायला. आजींनी आग्रह केला नाही आणि मुलानेही तोंड वाकडे केले नाही. मला दोघांचेही कौतुक वाटले.

परत येताना बसमध्ये मी मुलांना माझी एक चूक सांगितली. तीच येथे सांगतो.

माझा एक लिंगायत मित्र आहे. कॉलेजपासूनची आमची मैत्री. आमच्या घरच्या लग्नात त्याच्या कुटुंबासाठी वेगळी चूल मांडायची, वेगळी भांडी काढायची, हे माझ्या अम्मीने कधी चुकवले नाही. कारण ते पूर्ण शाकाहारी. एवढे माहीत होते, म्हणून मला वाटायचे, मला सर्व माहीत आहे. एके दिवशी त्याचे वडील वारल्याचा निरोप आला. मी शाळेतून सायकलवर थेट नदीकाठच्या स्मशानात गेलो. तेथे कोणीच नव्हते. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तेथील एका माणसाने सांगितले, "लिंगायतांचे येथे नाही होत, त्यांची जागा गावाच्या पलीकडे आहे." मी पोहोचलो तेव्हा माती देऊन झाली होती आणि लोक परतत होते. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी कितीदा जेवलो असेन! पण त्यांच्याकडे माणूस गेल्यावर काय करतात, हे एकदाही विचारले नव्हते. मित्र काही बोलला नाही. तेच मला जास्त लागले.

पुढे तीन वर्षांनी माझे अब्बा गेले. तो सकाळीच आला. आल्या आल्या मला बाजूला घेऊन त्याने विचारले, "मी काय करायचे, काय करायचे नाही, तेवढे सांग." मी सांगितले. त्याने डोक्याला रुमाल बांधला. जनाजाला खांदा दिला. नमाज होईपर्यंत तो चपला काढून मागे शांत उभा राहिला. मग कब्रस्तानात सगळ्यांबरोबर वाकून त्याने तीन मुठी माती दिली आणि हात न झटकता माझ्याजवळ येऊन उभा राहिला.