नोकरी शोधण्याआधी ठरवा स्वतःची ध्येयं

पदवीचा निकाल लागला की घरच्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "मग, आता पुढे काय?" आपलं उत्तरही ठरलेलं, "नोकरी बघायची!" मग मोबाइलवर दिसेल त्या जाहिरातीला बायोडेटा पाठवणं सुरू होतं. दोन-तीन महिने फोन आला नाही की वाटू लागतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. अनेकदा कमी असते ती फक्त स्पष्टता. 'नोकरी हवी' ही इच्छा झाली. कोणती, कुठे, किती पगाराची आणि कधीपर्यंत हे ठरवलंत की तिचं ध्येय होतं. चला तर, वही-पेन घ्या आणि पुढचे मुद्दे स्वतःसाठी लिहून काढा.

हातात येणारा पगार किती?

समजा, तुम्हाला वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळालं. आपण लगेच महिना ३० हजार असा हिशेब करतो. मूळ वेतन १५ हजार असेल तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमच्याकडून पीएफमध्ये जातात. कंपनीचा तेवढाच वाटा आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये बहुतेकदा पॅकेजमध्येच धरलेले असतात. व्यवसाय करही कापला तर हातात साधारण साडेपंचवीस हजार येतात. पीएफ तुमचाच आहे, पण त्यातून खोलीचं भाडं देता येत नाही. म्हणून आधी भाडं, मेस, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांची बेरीज करा. तो तुमचा किमान आकडा.

वेळेचाही हिशेब करा

डोंबिवलीत राहून अंधेरीला नोकरी करायची, तर दादरला गाडी बदलून जाता-येता तीन तास सहज जातात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास! दोन हजार जास्त देणारी लांबची नोकरी घ्यायची की घराजवळची? घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर उत्तर वेगळं येईल. तुम्ही बंगळुरूत असा की इंदूरमध्ये, घराबाहेर जास्तीत जास्त किती तास राहू शकता ते आधीच ठरवा.

दोन वर्षांनी मला काय येत असेल?

समजा, तुम्ही बीकॉम आहात. क्रेडिट कार्ड विकण्याच्या कामात १८ हजार मिळताहेत आणि सीएच्या ऑफिसात १४ हजार. पहिल्या कामात लोकांशी बोलण्याचा सराव होईल, दुसऱ्यात जीएसटी रिटर्न आणि टीडीएसचं काम शिकता येईल. दोन्ही कामं चांगलीच, पण पुढे अकाउंट्समध्ये जायचं असेल तर १४ हजारांचं काम जास्त मोलाचं. अर्थात, ते तुमच्या किमान आकड्यात बसत असेल तर!

आठवड्याचं ध्येय ठेवा

ऑफर कधी येईल हे आपल्या हातात नसतं, प्रयत्न असतात. म्हणून 'या आठवड्यात पाच निवडक अर्ज, त्या क्षेत्रातल्या दोघांशी बोलणं आणि पाच तास नवीन कौशल्याचा अभ्यास' असं छोटं ध्येय ठेवा. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर मोफत नोंदणी करता येते. 'स्वयम'वरचे ऑनलाइन कोर्सही मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क असतं. नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

दर रविवारी नोंदी बघा. अर्ज करूनही फोन येत नसतील तर बायोडेटा सुधारा. मुलाखतीपर्यंत पोहोचून नकार येत असेल तर मुलाखतीची तयारी वाढवा.

तारीख ठरवायला विसरू नका

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी हे सर्वांत महत्त्वाचं. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात सहा वेळा आणि ३२ वर्षांपर्यंत बसता येतं. पण ही सरकारने घालून दिलेली मर्यादा झाली. तुमची मर्यादा तुम्हीच ठरवायची. 'आणखी दोन प्रयत्न, त्यानंतर नोकरी' असं आजच लिहून ठेवलंत तर निकालाच्या दिवशी निराशेच्या भरात निर्णय घ्यावा लागणार नाही.

घरच्यांना कागद दाखवा

"अजून काहीच नाही का?" हा प्रश्न काळजीपोटीच येतो. तुमचा किमान आकडा, तास, शिकायचं काम आणि तारीख आईबाबांना दाखवा. मुलींनो, तुम्ही तर नक्कीच दाखवा. तुमची दिशा घरात माहीत असेल तर 'नोकरी मिळत नाही तोवर स्थळं बघू' या विषयावरही मोकळेपणाने बोलता येईल.

ही ध्येयं काही दगडावरची रेघ नव्हेत. तीन महिन्यांनी पुन्हा वाचा, हवं तिथे बदला. मात्र पुढचा अर्ज पाठवण्याआधी स्वतःला एकदा जरूर विचारा, ही नोकरी माझ्या कागदात बसते का?