काळी संडास लपवू नका, मायबहिणींनो!

आपल्या आयाबाया दुखणे अंगावर काढतात. त्यात दुखणे संडासचे असेल, तर नवऱ्याला किंवा लेकालाही सांगायची लाज. या लाजेपायी जीव जाऊ नये म्हणून आम्ही उघड लिहीत आहोत.

एखाद्या भगिनीला पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला, उपचाराने ती बरी झाली, कामालाही लागली. तरी काही पेशी शरीरात दडून राहू शकतात आणि कित्येक वर्षांनी दुसरीकडे डोके वर काढतात. बहुधा हाडात, फुप्फुसात, यकृतात. क्वचित जठरातही. तिथे जखम झाली की आतल्या आत रक्त झिरपते.

हे रक्त लालच दिसेल असे नाही. जठरातील आम्लाने ते काळे पडते. मग संडास डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते. उलटी चहाच्या चोथ्यासारखी दिसते. कुणाला नुसताच थकवा, धाप, चक्कर येते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते हे खरे. पण कारण डॉक्टरांनी ठरवावे, शेजारणीने नव्हे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका; त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रक्ताची उलटी किंवा भोवळ आली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

डॉक्टरांना पहिली गोष्ट हीच सांगा की, पूर्वी कॅन्सर झाला होता. जुनी फाईल सोबत न्या. दुर्बिणीने जठर पाहून तुकडा काढतात व जुन्या रिपोर्टशी ताडतात. कॅन्सर स्तनातून आलेला निघाला तर औषधेही त्याचीच लागतात. जठराचे मोठे ऑपरेशन बहुधा टळते. दुर्बिणीतून इलाज करून किंवा किरणोपचाराने रक्त थांबवता येते, गरजेप्रमाणे रक्त चढवतात. आजार समूळ जाईल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण त्रास कमी होतो, माणसाला बरे दिवस मिळू शकतात. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

विनयपिटकातील महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले. ज्यांच्या शास्त्याला रुग्णाच्या मळाची किळस आली नाही, त्यांच्या घरात आईने आपले दुखणे लपवावे का? आज रात्री जेवताना तिला विचारा.