चित्रकाराने काय वगळले?

चित्रप्रदर्शनात सहज डोकावलेला माणूस बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलून बाहेर पडतो. समोर हुबेहूब व्यक्तिचित्र असेल, तर ‘अगदी फोटोसारखे आहे’ आणि नुसतेच रंगांचे थर असतील, तर ‘यातले आपल्याला काही कळत नाही’. वरवर पाहता एक कौतुक आहे आणि दुसरी कबुली. परंतु दोहोंमागील मोजपट्टी एकच आहे : डोळ्यांना दिसते तसे दाखवणे हेच चित्राचे काम. ही मोजपट्टी खोटी नाही. मात्र ती एका शैलीची आहे. संगीतात आपण अशी चूक करीत नाही. धृपदात ताना नाहीत म्हणून कोणी रसिक तक्रार करीत नाही. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो आणि एका मोठ्या ठेव्याला पारखे होतो.

नवख्या प्रेक्षकाला उपयोगी पडेल असा एक साधा प्रश्न आहे. ‘हे कशाचे चित्र आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘चित्रकाराने काय वगळले आणि त्याच्या बदल्यात काय मिळवले?’ असे विचारून पाहावे.

सुरुवात ओळखीच्या चित्रकारापासून करू. राजा रविवर्मा (1848-1906) यांची शकुंतला पायातील काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहते. तैलरंगांमुळे वस्त्राचा पोत आणि त्वचेची कांती जिवंत वाटते. पण येथेही काही वगळलेले आहेच. कथेतील आधीचे आणि नंतरचे सारे प्रसंग गाळून चित्रकाराने एकच क्षण आणि पाहण्याची एकच जागा निवडली आहे. युरोपीय वास्तववादी पद्धतीचे हे सामर्थ्य. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात हीच पद्धत शिकवली गेली आणि 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यातून तिची गोडी घराघरांत पोहोचली. आपली मोजपट्टी मुख्यतः तेथून आली आहे.

आता लघुचित्रांकडे वळू. राजस्थानी किंवा पहाडी शैलीतील रात्रीचे दृश्य पाहा. आकाशात चंद्र आहे, हाती दिवे आहेत. तरीही प्रत्येक चेहरा लख्ख उजळलेला आणि सावली जवळजवळ कोठेच नाही. ही चित्रकाराची उणीव नव्हे. त्याने सावली वगळली, म्हणून रंग निखळ राहिला. त्याने एका जागी उभे राहून पाहण्याचे बंधनही झुगारले, म्हणून महालाचे अंगण वरून दिसते आणि त्यातील माणसे समोरून. मेवाडमध्ये 1649 ते 1653 या काळात चितारल्या गेलेल्या रामायणात एकाच पानावर तीच व्यक्ती अनेकदा येते. कारण तेथे क्षण नव्हे, कथा दाखवायची आहे. असे चित्र दुरून पाहण्याचे नव्हे. ग्रंथाच्या पानासारखे जवळून वाचण्याचे आहे.

वारली चित्राने तर चेहराच वगळला. पारंपरिक चित्रात गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग एवढीच सामग्री. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड तयार. विवाहप्रसंगी सवासिनी काढीत असलेली ही चित्रे 1970 च्या दशकात कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (1934-2018) यांनी त्यांना जगभर नेले. नाकडोळे नसल्याने येथे कोणी एक नायक उरत नाही. तारप्याभोवती फेर धरणारी माणसे, झाडे, गुरे, शेते सारी एकाच लयीत बांधली जातात. या भाषेला ‘बालिश’ म्हणणे किंवा तिला चहाच्या कपावरील नक्षी समजणे, हा आपल्याच दृष्टीचा दुबळेपणा होय.

याच वाटेने पुढे गेल्यास अमूर्त चित्राची भीती उरत नाही. वासुदेव गायतोंडे (1924-2001) यांनी वस्तूच वगळली. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवीत आणि खरवडीत त्यांनी जे उभे केले, त्याला ‘अमूर्त’ म्हणणेही त्यांना मान्य नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना अधिक जवळचा होता. तेथे पर्वत वा समुद्र शोधत बसलो, तर हाती काही लागत नाही. थरांमागून झिरपणारा प्रकाश शांतपणे पाहिला, तर मात्र चित्र हळूहळू उलगडू लागते.

मुंबईकरांसाठी हा अभ्यास काही पावलांच्या अंतरावर आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे आहेत आणि टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रेही. शेजारी जहांगीर कलादालन (1952) आणि रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (1996). एका फेरीत सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. दोनच चित्रे निवडावीत, भिन्न शैलींची. शेजारची पाटी वाचण्यापूर्वी प्रत्येकासमोर पाच मिनिटे उभे राहावे. एकदा जवळून, एकदा दूर जाऊन. मग तो प्रश्न विचारावा.

एवढे करूनही एखादे चित्र आवडणार नाही. त्यात गैर काही नाही; प्रत्येक शैलीत सुमार चित्रेही असतातच. पण पाहून झाल्यावरची नापसंती आणि न पाहताच दिलेला नकार यांत मोठे अंतर आहे. पहिली रसिकतेची खूण आहे. दुसऱ्यात नुकसान चित्राचे होत नाही, आपले होते.