रेडिओ निवडा, मगच उडवा!

मॉडेल विमान उडवायचा किडा डोक्यात वळवळतोय? मग विमानाचा रंग नंतर ठरवा. आधी हातातला ट्रान्समीटर ठरवा!

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन, शनिवारी मल्टिप्लेक्स आणि रविवारी झोप... या रूटीनला कंटाळलेली एक हटके जमात सध्या सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला उठते. गाडीच्या डिकीत फोमचं विमान, बॅगेत चार्ज केलेल्या बॅटऱ्या, थर्मासमध्ये चहा आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेला दोन दांड्यांचा एक खोका. हा खोका म्हणजे ट्रान्समीटर. उडवणारी मंडळी त्याला नुसतं ‘रेडिओ’ म्हणतात.

या छंदात नवीन येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, ‘विमान कुठलं घेऊ?’ प्रश्न चुकीचा नाही, पण नंबर दोनचा आहे. विमान आपटतं, तुटतं, चिकटवलं जातं, पुन्हा तुटतं. शिकताना वर्षभरात दोन-तीन विमानं सहज खर्ची पडतात. रेडिओ मात्र नीट निवडला तर पुढची कितीतरी विमानं त्याच्यावरच उडतात. म्हणजे खरी इन्व्हेस्टमेंट हीच! तरीही त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मधलं ते कॅमेरा लावलेलं उडतं यंत्र आठवतं? ते आयडियाफोर्जने बनवलं होतं. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. ते यंत्र सगळ्यांना आठवतं. ते चालवणारा रेडिओ कसा होता, हे कुणाला आठवतंय?

उसात गेलं की गेलं!

रेडिओची निवड हा खरंच सिरियस मामला आहे, हे मला कळलं ते कोल्हारला. शिर्डीला नगरकडून रोडने गेला असाल तर तुम्ही या गावातून गेलेले आहात. नगर-मनमाड हायवेवर राहुरी मागे पडली की प्रवरा नदीवरचा पूल लागतो. पलीकडे कोल्हार. भगवती देवीचं गाव आणि माझं आजोळ. माझा मामेभाऊ इंजिनीअरिंगला आहे. तो आणि त्याचे तीन-चार मित्र तोडणी झालेल्या रानात विमानं उडवतात. ‘ताई, नुसतं लिहू नको, येऊन बघ,’ असं त्याचं आमंत्रण होतं. म्हणून दोन दिवस जाऊन आले.

इथला सेटअप शहरातल्या ग्राउंडपेक्षा एकदम वेगळा. एका बाजूला डोक्याच्या वर गेलेला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा आणि थोड्या अंतरावर हायवे. त्या हायवेवर ट्रक, बैलगाड्या आणि शिर्डीला पायी निघालेले भक्त. विमान उसात शिरलं तर शोधणं महामुश्कील. मामांचं म्हणणं तर फारच स्पष्ट होतं, ‘आगं, उसात गेलं ना ते, मंग तोडणी यीस्तोवर वाट बघ!’

हसण्याचा भाग सोडा. साधं शिकाऊ विमानसुद्धा पाऊण ते एक किलोचं असतं आणि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने सहज उडतं. पुढे गरगर फिरणारा पंखा. त्याच्यावरचा आपला ताबा म्हणजे फक्त एक न दिसणारी दोरी. ती तुटली तर ऊस परवडला, हायवे नाही!

ही दोरी आहे तरी काय?

रेडिओच्या लहरींनी लांबची वस्तू चालवायची करामत जुनीच. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर एक छोटी बोट अशीच चालवून दाखवली होती. विमानांच्या बाबतीत कित्येक वर्षं ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे रेडिओ वापरात होते. मीटरभर लांब ओढायची अँटेना आणि आत एक क्रिस्टल. ग्राउंडवर दोघांची फ्रीक्वेन्सी एक निघाली आणि दुसऱ्याने रेडिओ चालू केला, की पहिल्याचं विमान खाली! म्हणून फळ्यावर फ्रीक्वेन्सीच्या क्लिपा लावलेल्या असायच्या. ज्याच्याकडे क्लिप, त्यानेच रेडिओ सुरू करायचा.

२००५-०६ च्या सुमारास स्पेक्ट्रमसारख्या कंपन्यांनी २.४ गिगाहर्ट्झचे सेट आणले आणि हा ताप संपला. यात ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर यांची आधी एकमेकांशी ओळख करून देतात. त्याला बाइंडिंग म्हणतात. ओळख झाली की रिसीव्हर फक्त आपल्याच रेडिओचं ऐकतो. भारतातही २००५ मध्ये ठराविक पॉवरच्या मर्यादेत हा पट्टा लायसन्सशिवाय वापरायला मोकळा झाला. आपलं वायफाय आणि ब्लूटूथ इथेच चालतं. त्यामुळे आज घ्यायचा तर २.४ गिगाहर्ट्झच. जुना क्रिस्टलवाला सेट कुणी स्वस्तात देत असेल तर शोकेसमध्ये ठेवायला घ्या!

आणखी एक धोक्याची सूचना. लांब पल्ल्यासाठी म्हणून काही जण ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल मागवतात. ते अमेरिकेसारख्या देशांसाठी आहे. आपल्याकडे त्या भागात लायसन्समुक्त पट्टा आहे तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. आणि शिकताना लांब पल्ला हवाय कशाला? मीटरभर पंखांचं विमान तीनशे-चारशे मीटरवर गेलं की ते येतंय की जातंय हेच कळत नाही. आधी संपतात ते आपले डोळे, रेडिओची रेंज नंतर!

किती चॅनेल?

एक चॅनेल म्हणजे एक काम. थ्रॉटल म्हणजे मोटरचा वेग, एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली, रडर म्हणजे शेपटी डावी-उजवी आणि एलेरॉन म्हणजे पंख कलते करणं. ही चार मूलभूत कामं. पुढे फ्लॅप आले, आत जाणारी चाकं आली की पाचवा आणि सहावा चॅनेल लागतो. म्हणून सुरुवातीला सहा चॅनेल भरपूर झाले. ‘सोळा चॅनेल’ ऐकून भारावून जाऊ नका. त्यातले दहा वर्षानुवर्षं रिकामेच राहणार.

त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. एक, मॉडेल मेमरी किती? म्हणजे प्रत्येक विमानाची सेटिंग्ज वेगवेगळी साठवता येतात का? दोन, ड्युअल रेट आणि एक्स्पो आहे का? नवशिक्याचा हात घाबरून दांडी जोरात ओढतो. या सोयींमुळे विमान तेवढं दचकत नाही. तीन, ट्रेनरची सोय आहे का? दोन रेडिओ एकमेकांना जोडून एक गुरूच्या हातात आणि एक शिष्याच्या हातात. विमान भरकटलं की गुरूने बोटाखालचं बटण सोडायचं, ताबा त्याच्याकडे परत! ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, अगदी तसं.

मोड वन की मोड टू?

दुकानदार हा प्रश्न विचारतो आणि आपण गोंधळतो. फरक सोपा आहे. मोड टूमध्ये थ्रॉटल डाव्या दांडीवर, मोड वनमध्ये उजव्या दांडीवर. आज मोड टू जास्त चालतो. पण तुम्हाला शिकवणारा ज्या मोडवर उडवतो, तोच घ्या. एकदा बोटांना सवय लागली की बदलणं जड जातं, आणि संकटात गुरूने तुमचा रेडिओ हातात घेतला तर त्याचीही बोटं चुकायला नकोत.

कंपनीचंही तसंच. एका कंपनीच्या सेट-टॉप बॉक्सला दुसऱ्याचा रिमोट चालत नाही, तसा एका पद्धतीचा रिसीव्हर दुसऱ्या पद्धतीच्या रेडिओशी बोलत नाही. ग्राउंडवर बाकी सगळे ज्या पद्धतीवर आहेत ती घेतलीत तर उसनवारीचा रिसीव्हर मिळतो, सेटिंगसाठी मदत मिळते, अडलं तर केबलही मिळते. कोल्हारच्या पोरांचा हिशोब हाच. जवळपास हॉबी शॉप नाही, पार्सल यायला चार दिवस. म्हणून सगळ्यांचे रेडिओ एकाच जातीचे. एकाचा रिसीव्हर बिघडला तरी कुणाचा रविवार वाया जात नाही!

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिग्नल गेला की विमानाने काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायच्या सोयीला फेलसेफ म्हणतात. काही सेटमध्ये ते आपण बसवलं नाही तर रिसीव्हर शेवटची आज्ञाच धरून बसतो. म्हणजे पूर्ण वेगात असताना सिग्नल तुटला, तर विमान पूर्ण वेगातच सुटणार. कुठे? ते देव जाणे!

कोल्हारला दुसऱ्या दिवशी एका मित्राचं कोरं करकरीत विमान आलं होतं. सगळे उडवायला उतावीळ. माझ्या मामेभावाने आधी पंखा काढून ठेवला, थ्रॉटल अर्ध्यावर नेला आणि रेडिओ बंद केला. मोटर थांबायला हवी होती. ती तशीच फिरत राहिली! क्षणभर कुणीच बोललं नाही. सगळ्यांची नजर आपोआप हायवेकडे गेली. मग पठ्ठ्याने शांतपणे मेन्यूत जाऊन फेलसेफ बसवलं. सिग्नल गेला तर मोटर बंद आणि विमान हलकंसं वळत खाली. पुन्हा तीच चाचणी, या वेळी मोटर लगेच गप्प. पाच मिनिटांचं काम. त्यानंतरच पंखा लागला आणि विमान हवेत गेलं.

त्यामुळे रेडिओ घेताना फेलसेफ आहे का, एवढंच विचारू नका. ते कसं बसवायचं, हे दुकानातच करून दाखवायला सांगा. जमल्यास टेलिमेट्री असलेला सेट घ्या. विमानातल्या बॅटरीचा व्होल्टेज आणि सिग्नलची ताकद हातातल्या स्क्रीनवर दिसते, आणि विमान पडण्याआधी रेडिओ ओरडून सावध करतो.

खिशाला कितीची चाट?

फ्लायस्कायसारख्या कंपन्यांचे सहा चॅनेलचे साधे सेट रिसीव्हरसह पाच हजारांच्या आसपास सुरू होतात. शिकायला ते पुरेसे आहेत. त्याच्या वरची पायरी म्हणजे रेडिओमास्टरचे पॉकेट किंवा बॉक्सरसारखे रेडिओ. यात एजटीएक्स नावाचं खुलं सॉफ्टवेअर चालतं, हवी तशी सेटिंग्ज करता येतात आणि यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरही खेळता येतो. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असलेला रेडिओ तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी त्यांच्याच भाषेत बोलतो. फुटाबा, स्पेक्ट्रमचे वरचे सेट ही हौसेची पुढची पायरी. पहिल्या पगारात तिकडे वळू नका.

सगळं काही एकाच बॉक्समध्ये देणाऱ्या ‘रेडी टू फ्लाय’ पॅकचा मोह होईल. त्यातला रेडिओ अनेकदा फक्त त्याच विमानापुरता असतो. विमान मोडलं की रेडिओही माळ्यावर. घेण्याआधी तेवढं नक्की विचारा.

चौकट : कार्ड स्वाइप करण्याआधी

• रेडिओ दहा मिनिटं हातात धरा. दांड्या सैल किंवा खरखरीत नकोत. हॉल सेन्सरच्या दांड्या कमी झिजतात.

• जादा रिसीव्हर केवढ्याला मिळतो ते विचारा. दर विमानाला एक लागणार आहे.

• बॅटरी कुठली? साधे पेन्सिल सेल की चार्ज होणारे? चार्जर बरोबर येतो का?

• रेंज चेकची सोय बघा. यात पॉवर मुद्दाम कमी करून तीसेक पावलांवरून सगळं हलतंय का ते तपासतात. दर रविवारी पहिल्या उड्डाणाआधी हे करायचंच.

• चालू करताना आधी रेडिओ, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग रेडिओ.

• अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो.

कायदा काय म्हणतो?

२०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. अट महत्त्वाची, विमान कायम नजरेच्या टप्प्यात हवं. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून काकडीला सुरू आहे. कोल्हार तिथून लांब आहे, पण तुम्ही राहाता-शिर्डीकडे सरकलात की नकाशाचे रंग बदलू लागतात. पुण्या-मुंबईत तर विचारूच नका. म्हणून जागा ठरवण्याआधी सरकारचा ऑनलाइन एअरस्पेस नकाशा बघा आणि शेताच्या मालकालाही विचारा.

मग, ठरलं? आधी ग्राउंड शोधा, तिथला एखादा जुना खेळाडू पकडा आणि तो वापरतो त्या पद्धतीचा रेडिओ घ्या. महिनाभर घरी सिम्युलेटरवर मनसोक्त आपटा, तिथे फुटकी कवडीही लागत नाही. विमान घ्या सगळ्यात शेवटी, आणि रंग मात्र भडक निवडा. हिरवा चुकूनही नको. उसात गेलं तर निदान दिसायला तरी हवं!