गहू-दूध बंद केलं की ऑटिझम बरा होतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की आई-बाप घरी पोचायच्या आत सल्ले पोचलेले असतात. त्यात एक हमखास असतो : ‘गहू आणि दूध बंद करून बघा, पोरगं बोलायला लागेल.’ सांगणारा मनापासून सांगतो, आणि ऐकणारे काहीही करायला तयार असतात. मोठ्या शहरांत अशा आहाराची खास दुकानं सापडतात. अजिंठ्यात, सिल्लोड तालुक्यातल्या या मका-कपाशीच्या पट्ट्यात, पहिला प्रश्न पडतो तो ‘हे मिळणार कुठं?’ खरं तर त्याआधी विचारायला हवं, ‘हे करायचं का?’ दोन्ही प्रश्नांभोवती बऱ्याच समजुती साचल्या आहेत. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम जातो.

वस्तुस्थिती : ऑटिझम हा पोटाचा आजार नाही. मेंदूच्या जडणघडणीतलाच तो वेगळेपणा आहे. मग गहू-दुधाचा संबंध आला कुठून? मेंदूतली अफूसारखी काम करणारी रसायनं आणि ऑटिझम यांचं काही नातं असावं, अशी कल्पना याक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडली. पुढे इतरांनी तिला आहार जोडला. गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन ही प्रथिनं अर्धवट पचतात, त्यांचे तुकडे आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत जातात, असा तो तर्क. ऐकायला पटतो. पण ऑटिझम असलेल्या मुलांच्या लघवीत हे तुकडे शोधणारा एक ब्रिटिश अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ते सापडले नाहीत.

आहाराचीही थेट परीक्षा झाली आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या १४ मुलांना काही आठवडे गहू-दुधाविना ठेवलं. नंतर त्यांना ठरावीक दिवशी खाऊ दिला. त्यात कधी गव्हाचं प्रथिन लपवलेलं असे, कधी दुधाचं, कधी दोन्ही, तर कधी काहीच नाही. कोणत्या खाऊत काय आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं आणि नोंदी ठेवणाऱ्यांनाही. झोप, शौच, वागणं, कशातच फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती, हे मान्य. तरी ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा वर्ज्य आहार वापरू नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे.

गैरसमज २ : ओळखीतल्या एका मुलाला फरक पडला, म्हणजे गुण आहाराचाच.

वस्तुस्थिती : पालक खोटं बोलत नसतात. फरक पडलेलाही असतो. तो कशाने पडला, एवढाच प्रश्न आहे. निदानानंतर घरात एकदम बऱ्याच गोष्टी सुरू होतात : वाणी-उपचार, मोबाईल कमी, झोपेची वेळ ठरलेली, बिस्किट-कुरकुरे बंद, आई-बापाचं लक्ष दुप्पट. शिवाय मूल वाढतच असतं. डेन्मार्कमध्ये ७२ मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आहाराने काही बाबतींत सुधारणा दिसली, पण तिथे आपल्या मुलाला काय चाललंय हे पालकांना माहीत होतं. कुणालाच माहीत नसेल अशी मांडणी केली की बहुतेकदा फरक विरून जातो.

एक शक्यता मात्र खरी आहे. मुलाला बद्धकोष्ठता, दुधाची ॲलर्जी किंवा गव्हाचा खरा त्रास असेल, तर तो दूर झाल्यावर मूल शांत होतं, नीट झोपतं. पोट दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, ते मूल ते दुखणं किंचाळून किंवा डोकं आपटून दाखवतं. इथे बरं होतं ते पोट, आणि म्हणूनच पोटाची तपासणी महत्त्वाची.

गैरसमज ३ : आधी गहू बंद करून बघू, तपासण्या नंतर.

वस्तुस्थिती : क्रम नेमका उलटा हवा. गव्हामुळे आतड्याला इजा होणारा सिलिअॅक नावाचा आजार आहे. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो असावा, असा अंदाज आहे. त्याची पहिली चाचणी रक्ताची, टीटीजी-आयजीए नावाची. पण ही चाचणी मूल गहू खात असतानाच खरं बोलते. दोन-तीन महिने पोळी बंद ठेवून रक्त दिलं, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग खात्री करण्यासाठी मुलाला पुन्हा किमान सहा आठवडे रोज गहू खायला घालावा लागतो. ज्या मुलाला ताटातला बदल सोसत नाही, त्याच्या घरात हे किती जड जाईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून वजन वाढत नसेल, सतत जुलाब होत असतील, पोट फुगत असेल किंवा रक्त कमी असेल, तर पोळी चालू असतानाच डॉक्टरांकडे चाचणीचा विषय काढा.

गैरसमज ४ : ग्लुटेनमुक्त म्हणजे बाहेरून मागवायची महागडी पाकिटं.

वस्तुस्थिती : ग्लुटेन गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ, वरई यांत नसतं. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, यामागे हेच कारण आहे. ग्लुटेनमुळे कणीक ताणली जाते. ज्वारीच्या पिठात ते नसल्याने त्याला गरम पाण्याने चिकटपणा आणावा लागतो, आणि पीठ जुनं होऊन विरी गेली की भाकरी काठाला फाटते.

म्हणजे अजिंठ्याच्या आठवडी बाजारात ग्लुटेनमुक्त आहार पोत्यांनी मांडलेला असतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, खानदेशाच्या हद्दीलगत असल्याने कळण्याची भाकरी, मक्याची भाकरी, तुरीच्या डाळीचे फुणके, ज्वारीचे बिबडे, भात-वरण, पिठलं, बेसनाची शेव, यांपैकी कशातच गहू नाही. शाळेतली साधी खिचडीही डाळ-तांदळाचीच. ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेल्या कुकीज मात्र पुष्कळदा स्टार्च, साखर आणि तेल यांचीच बेरीज असते. त्या भाकरीहून सरस नाहीत.

गैरसमज ५ : पोळी सोडली की गहू सुटला.

वस्तुस्थिती : रवा, मैदा, दलिया, शेवया, पाव, टोस्ट, खारी हे सगळं गव्हाचंच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. सातूच्या पिठात आपल्याकडे डाळ्यांबरोबर गहू असतो, मेतकुटातही असतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी थोडा पडतोच. लग्नातली किंवा भंडाऱ्यातली वरण-बट्टी असेल, तर वरण चालेल, बट्टी नाही. दुधात घालायच्या पावडरींत ‘माल्ट’ असतं, ते जवाचं. कॉर्नफ्लेक्समध्येही पुष्कळदा ते घातलेलं असतं. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नाही, पण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू मिसळत जातो.

सगळ्यात फसवी गोष्ट हिंगाची डबी. ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बाजारात मिळणारा बांधानी हिंग बराचसा डिंक आणि पीठ असतो, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो.

दुसरी जागा गिरणी. आधीचं दळण गव्हाचं असेल, तर जात्यात आणि कापडी नळीत राहिलेली कणीक तुमच्या ज्वारीत उतरते. ‘आधी काय दळलं?’ हे विचारून बाजरी-ज्वारीनंतर नंबर लावावा, किंवा घरी छोटी चक्की ठेवावी. सिलिअॅक असलेल्या मुलासाठी ही खबरदारी सक्तीचीच. नुसता प्रयोग म्हणून गहू टाळणाऱ्यांनी तेवढा जीव काढायची गरज नाही. पाकिटबंद मालावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल, तर एक किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

गैरसमज ६ : देशी गाईचं, शेळीचं किंवा लॅक्टोज-फ्री दूध चालतं.

वस्तुस्थिती : केसिन या तिन्हींत आहे. ए-टू दुधातही आहे. त्याचा प्रकार थोडा वेगळा, एवढंच. लॅक्टोज ही दुधातली साखर आणि केसिन हे प्रथिन. दूध प्यायल्यावर गॅस-जुलाब होणाऱ्या मुलाला लॅक्टोज-फ्री दुधाचा उपयोग होतो, पण दुधाच्या ॲलर्जीत त्याचा काही फायदा नाही. दही, ताक, पनीर, खवा, पेढा सगळ्यांत केसिन आहे. चांगल्या कढवलेल्या तुपात ते नावापुरतं उरतं. तरी ॲलर्जी असलेल्या मुलाला तूप डॉक्टरांना विचारूनच द्यावं. ग्लुकोजच्या बिस्किटांत पीठ गव्हाचं आणि जोडीला बहुधा दूध पावडर, म्हणजे एका बिस्किटात दोन्ही. वेष्टनावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिनेट’ यांपैकी काहीही दिसलं तर ते दूधच समजा.

अंड्याची गणना काही जण दुग्धजन्य पदार्थांत करतात. ते चूक आहे. अंड्यात ना दूध, ना ग्लुटेन. जे घर खातं, त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे.

गैरसमज ७ : दूध बंद केलं तरी काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : खरी जोखीम इथे आहे. गव्हाला आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत, दुधाला तितके सहज नाहीत. भारतीय शिफारशींप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम आणि ७ ते ९ वर्षांच्या मुलाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप दुधातून त्यातला मोठा वाटा येतो. ऑटिझम असलेल्या ७५ मुलग्यांच्या हाडांची मोजणी केलेला एक अमेरिकी अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची हाडं अपेक्षेपेक्षा पातळ निघाली, आणि दूध बंद असलेल्यांची त्याहून पातळ.

दूध थांबवायचंच असेल, तर नाचणी (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम), तीळ, राजगिरा आणि खाणाऱ्यांच्या घरी काट्यासकट छोटे मासे यांचा हिशेब आहारतज्ज्ञाबरोबर बसून करा. तिळातलं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून चिमूटभर तिळावर विसंबू नका. नारळाचं किंवा बदामाचं दूध पांढरं असतं, पण प्रथिनांत ते गाईच्या दुधाच्या जवळपासही नाही. सोयाबीनचं दूध प्रथिनांत बरं, मात्र घरी काढलेल्यात कॅल्शियम कमी. आणि घर शाकाहारी असेल, तर दुधाबरोबर बी-१२ चा जवळजवळ एकमेव स्रोत जातो. बी-१२ कमी पडलं तर मज्जातंतूंना इजा होते. ऑटिझमसाठी म्हणून केलेल्या पथ्याने मेंदूचंच नुकसान व्हावं, हे कुणाला परवडेल?

दुसरी बाजूही ध्यानात घ्या. जे मूल दिवसभर दुधावरच असतं आणि भाजी-भाकरीला शिवत नाही, त्याला बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय दोन्ही होऊ शकतात. अशा मुलाचं दूध मापात आणणं हा योग्य उपाय, पूर्ण तोडणं नव्हे.

गैरसमज ८ : भूक लागली की झक मारत खाईल.

वस्तुस्थिती : ऑटिझम असलेली बरीच मुलं मोजके पाच-सहा पदार्थच खातात. तेही एकाच ताटलीत, एकाच रंगाचे, एकाच मऊपणाचे. त्यामागे हट्ट नसतो. भाकरीचा खरखरीतपणा किंवा पापुद्र्याचा आवाजसुद्धा त्यांना खरोखर सोसत नाही. अशा मुलाच्या यादीतून पोळी आणि दूध एका रात्रीत काढलं, तर ते उपाशी राहील, पण नवीन खाणार नाही.

बदल करायचाच असेल तर आस्ते कदम. कणकेत आधी चमचाभर ज्वारीचं पीठ, आठवड्याने थोडं जास्त, आकार-रंग-ताटली तीच. पुढे उकड काढून मळलेल्या पिठाची, पोळीइतकी पातळ भाकरी. नवा पदार्थ ताटाच्या कडेला नुसता ठेवायचा, खाण्याची सक्ती नाही. हात लावला तरी पुष्कळ.

गैरसमज ९ : आधी आहार, थेरपी नंतर बघू.

वस्तुस्थिती : बोलणं, संवाद, स्वतःची कामं स्वतः करणं, यांत खरा फरक पडतो तो वाणी-उपचार, व्यवसायोपचार आणि आई-वडिलांनी शिकून घेऊन घरी रोज केलेल्या सरावाने. जितक्या लवकर सुरुवात, तितकं चांगलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या-शाळांत मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे याची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड काढता येतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन यायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि एक रोज बुडतो. तो खर्च ‘स्पेशल’ बिस्किटांसाठी करण्यापेक्षा थेरपिस्टकडून घरचा सराव शिकून घेण्यासाठी केलेला बरा.

सगळं वाचूनही हा आहार करून बघावासा वाटला, तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि चार अटी पाळा. चाचण्या आधी उरका. गहू आणि दूध एकदम नको, एका वेळी एकच. किती आठवडे करायचं ते सुरुवातीलाच ठरवा, आणि त्या काळात दुसरी नवी गोष्ट सुरू करू नका. झोप, शौच, वजन, बोललेले शब्द यांची रोज वहीत नोंद ठेवा, आणि शक्य असेल तर शाळेतल्या बाईंना काही न सांगता त्यांचं निरीक्षण विचारा. मुदत संपली की तो पदार्थ पुन्हा सुरू करून बघा. नोंदींत फरक दिसला नाही, तर मुलाला त्याची पोळी परत द्या.