धडधड थांबण्याआधी ईसीजी काढा

अकोला-वाशीम मार्गावरच्या मेडशीसारख्या गावात सोयाबीनचे निंदण चालू आहे. काम करता करता एखाद्या बाईच्या छातीत अचानक धडधड सुरू होते, गळ्याशी ठोके जाणवतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी मिळवून मालेगाव किंवा अकोला गाठेपर्यंत सगळे शांत झालेले असते. ईसीजी सामान्य येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून घरी परतावे लागते.

अशा धडधडीचे मूळ दर वेळी मनात नसते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून मिनिटाला साधारण ६० ते १०० विद्युत संदेश निघतात आणि ठरलेल्या वाटेने खाली जातात. काही जणांमध्ये आणखी एक वाट असते. संदेश एका वाटेने खाली आणि दुसरीने वर असा गोल फिरू लागला, की ठोके दीडशे-दोनशेच्या घरात जातात. हा विकार म्हणजे ‘एसव्हीटी’. धडधड एकाएकी सुरू होणे आणि बटण बंद करावे तशी एकाएकी थांबणे, ही त्याची खूण.

यावर ‘कॅथेटर अब्लेशन’ हा उपचार आहे. छाती उघडावी लागत नाही. जांघेतील शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, दोषी वाट शोधतात आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने तेवढीच काही मिलिमीटर जागा निकामी करतात. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारांत शंभरातील नव्वदहून अधिक रुग्णांना याचा गुण येतो. जोखीमही आहे. शिरेच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित मूळ वाटच दुखावते आणि पेसमेकर बसवावा लागतो.

मात्र हा उपचार ठरवताना सर्वात मोलाचा असतो तो धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. त्यामुळे मोठ्या शहराची वाट न धरता ईसीजीची सोय असलेले जवळचे केंद्र आधी गाठावे. स्वतः गाडी चालवू नये. कागदाचा लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण ईसीजीची छपाई कालांतराने पुसट होते. छातीत दुखत असेल, धाप लागली असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शासकीय योजनेतून खर्च मिळतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.